पेट्रोलची वही

मागच्या दिवाळीत कारखान्यात वहीपूजन झाले, तेव्हा जास्तीच्या आणलेल्या वह्यांपैकी एक कोरी वही मी घरी घेऊन आले आणि पाडव्याच्या दिवशीच तिच्यात पहिली नोंद केली: स्कूटर, 3 लिटर, कारण कारखाना. हिशेब लिहिणे हा माझा रोजचाच व्यवसाय आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात गेली पंधरा-सोळा वर्षे मी खाती सांभाळते, आणि सुताच्या खरेदीपासून गाठी रवाना होईपर्यंतचा प्रत्येक रुपया माझ्या नजरेखालून जातो. परंतु आमच्या घरातल्या तीन गाड्या वर्षभरात किती इंधन जाळतात, असे कोणी विचारले असते, तर मी फार तर रुपयांत अंदाज सांगितला असता. हवेत जाणारा वायू रुपयांवर ठरत नाही, लिटरवर ठरतो. म्हणून ही वही.

आता वर्ष पुरे झाले आहे. माझ्या स्कूटरचे 130 लिटर, यजमानांच्या मोटारसायकलचे 209 लिटर आणि चारचाकीचे 350 लिटर, असे एकूण 689 लिटर पेट्रोल आमच्या घराने जाळले. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. डिझेलचा हाच आकडा 2.7 किलोच्या आसपास आहे. पाऊण किलो वजनाच्या लिटरभर पेट्रोलमधून सव्वादोन किलोहून अधिक वायू निघतोच कसा, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला प्राणवायू स्वतःला जोडून घेतो आणि वाढलेले वजन त्या प्राणवायूचे असते, हे समजल्यावर मग हिशेब पक्का बसला. 689 लिटरचे झाले 1,585 किलो. एवढ्या वजनाचे टॉवेल बाजारात पोहोचवायचे म्हटले तर आम्हाला दोन छोटा हत्ती बोलवावे लागतात. हे वजन मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि शेकडो वर्षे हवेतून पुरते जातही नाही. (हा हिशेब मी शुद्ध पेट्रोल धरून केला आहे, हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, त्याबद्दल पुढे लिहिते.)

वही वाचताना मला सर्वात जास्त धक्का बसला तो चारचाकीच्या पानांवर. आमची गाडी आठवड्यातले पाच-सहा दिवस दारात झाकून ठेवलेली असते, त्यामुळे ती फारशी वापरली जात नाही अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात घरातले निम्म्याहून थोडे जास्त पेट्रोल तिनेच प्यायले, आणि त्यातला मोठा वाटा पुण्याच्या सात खेपांचा. मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. सोलापूरहून पुणे सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 500. लिटरला 16 किलोमीटर धरले तर एका खेपेला 31 लिटर, म्हणजेच 72 किलो वायू. माझे रोजचे कारखान्याला जाणे-येणे, जुळे सोलापुरातून एमआयडीसीपर्यंत आणि परत, महिन्याला 25 किलोच्या आसपास जाते. पुण्याची एक खेप म्हणजे माझे जवळजवळ तीन महिन्यांचे कारखान्याला जाणे. तीन महिने मी सात रस्त्याच्या सिग्नलला इंजीन बंद करून जे काही वाचवत होते, ते शेंगाचटणी, कडक भाकरी आणि ज्वारीचे पीठ मुलाला पोहोचवण्यात एका शनिवार-रविवारी उडून जात होते.

तोच प्रवास एसटीने केला तर काय होते, हेही मी वहीतच मांडून पाहिले. एसटीच्या आगारात दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर धावली, असा हिशेब ठेवतात. साधारणपणे लिटरला पावणेपाच किलोमीटरच्या आसपास तो आकडा येतो. म्हणजे पुण्याला पोहोचेपर्यंत 53 लिटर डिझेल आणि 143 किलो वायू. आकडा मोठा दिसतो खरा, पण गाडीत चाळीस माणसे बसली असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन किलो येतात. आम्ही दोघे चारचाकीने गेलो, तर प्रत्येकाच्या नावावर 18 किलो पडतात. पाचपट. आणि हा हिशेब जुन्या डिझेलच्या गाडीचा आहे. 1 जून 2022 रोजी, म्हणजे एसटीच्या चौऱ्याहत्तराव्या वर्धापनदिनी, पुणे ते अहमदनगर या मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली, त्या प्रकारच्या गाड्या वाढल्या तर तो आणखी उतरेल. हाच पुणे-अहमदनगर मार्ग 1948 साली एसटीच्या पहिल्या गाडीचाही होता.

रेल्वेचे तर विचारायलाच नको. रुळावरून धावणाऱ्या पोलादी चाकाला रस्त्यावरच्या टायरच्या मानाने घर्षण फार कमी असते आणि एका इंजिनामागे हजारभर माणसे बसलेली असतात, त्यामुळे माणशी लागणारी ऊर्जा फार थोडी असते. शिवाय आपला मार्ग आता विजेवर आला आहे, म्हणूनच 10 फेब्रुवारी 2023 रोजी सोलापूर-मुंबई वंदे भारत सुरू होऊ शकली. मग आम्ही चारचाकी का काढत होतो? सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला व्यवस्थित पोहोचवते, अडचण त्यापुढची होती. पुणे स्टेशन ते हिंजवडी हे शेवटचे वीस-बावीस किलोमीटर, पिशव्या, सासूबाईंचे गुडघे आणि रिक्षावाल्याशी घासाघीस, एवढ्यासाठी आम्ही आधीचे 250 किलोमीटरही पेट्रोलवर कापत होतो. हे लक्षात आल्यावर उपाय सोपा निघाला. आता आम्ही रेल्वेने जातो आणि मुलगा आम्हाला स्टेशनवर घ्यायला येतो. यंदाच्या दिवाळीनंतरच्या दोन्ही खेपा अशाच झाल्या. सासूबाईंना रेल्वेत पाय मोकळे करता येतात, त्यामुळे त्यांची तक्रार नाही.

यजमानांची गोष्ट थोडक्यात सांगते. ते मंद्रूपच्या बाजूला एका शाळेत शिक्षक आहेत, रोजचे पन्नास किलोमीटर. त्यांच्या शाळेतले आणखी एक गुरुजी आमच्या मागच्याच गल्लीत राहतात आणि दोघेही कित्येक वर्षे एकाच वेळी, एकाच रस्त्याने, दोन मोटारसायकलींवर एकएकटे जात होते. जूनपासून एक आठवडा यांची गाडी आणि एक आठवडा त्यांची.

आमच्या घराचे हे एवढेसे आकडे कोणाला क्षुल्लक वाटतील. भारतात ऊर्जेच्या वापरातून जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला सुमारे सातवा हिस्सा वाहतुकीतून येतो आणि त्याचाही जवळपास नऊ-दशांश भाग रस्त्यावरच्या वाहनांचा असतो. देशाने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले आहे. रस्त्यावरचा हा नऊ-दशांश भाग काही कोणा एका मोठ्या धुराड्यातून निघत नाही, तो आमच्यासारख्या घरांच्या दारातून आणि आमच्यासारख्या कारखान्यांच्या फाटकातून निघतो. फाटकाची गोष्ट मला जास्त जवळून माहीत आहे, म्हणून तीही लिहिते.

आमचा माल बहुतेक परदेशी जातो. गाठी बांधून होतात, हुंडेकऱ्याला म्हणजे मालवाहतूक करणाऱ्याला निरोप जातो, ट्रक लागतो, बिल्टी म्हणजे माल रवाना केल्याची पावती फाटते आणि माल न्हावाशेवा बंदराकडे निघतो. सोलापूर ते मुंबई साधारण 400 किलोमीटर. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर धरला तर एका खेपेला 100 लिटर डिझेल, 270 किलो वायू. ट्रक पूर्ण भरलेला असेल तर एकेका टॉवेलमागे हा आकडा नगण्य आहे. मी मात्र जुन्या बिल्ट्या काढून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की वर्षभरातल्या बऱ्याच खेपांमध्ये ट्रक निम्मा-अर्धाच भरलेला होता. खरेदीदाराची तारीख जवळ आलेली, रंगाईकडून माल उशिरा आलेला, म्हणून तयार होईल तेवढा माल आधी पाठवायचा आणि उरलेला चार दिवसांनी दुसऱ्या ट्रकने. दोन्ही वेळा डिझेल जवळजवळ सारखेच जळते, कारण ट्रकला स्वतःचेच वजन ओढायचे असते. परतीचे भाडे मिळाले नाही तर तो मोकळाच परत येतो, म्हणजे त्या डिझेलचाही बोजा त्याच अर्ध्या मालावर. मालकांसमोर मी हे रुपयांत मांडले, कारण कारखान्यात ती भाषा लवकर कळते. आता शेजारच्या दोन कारखान्यांशी बोलून, एकाच बंदराला जाणारा माल एका ट्रकमध्ये घालण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. पहिले दोन महिने गाठींवरच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला, एका कारखान्याच्या चार गाठी दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये जाता जाता राहिल्या, आणि तो दिवस मला दूरध्वनीवर अक्षरशः रडकुंडीला येऊन काढावा लागला. त्यानंतर तिन्ही कारखान्यांच्या चिठ्ठ्यांना वेगवेगळे रंग दिले, आणि घोळ थांबला.

माल रुळावर चढवण्याचे प्रयत्न आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहेत, आणि त्यांची आठवण लवकर पुसली जाते याचे मला वाईट वाटते. 30 ऑगस्ट 2020 रोजी बंगळूरजवळच्या नेलमंगलाहून आपल्या बाळे स्टेशनपर्यंत रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक ड्रायव्हरसकट रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवायचे आणि 682 किलोमीटर रुळावरून न्यायचे, अशी ती व्यवस्था. त्याच वर्षी 28 डिसेंबरला देशातली शंभरावी किसान रेल्वे आपल्या सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली, आणि त्या काळात फळे व भाजीपाला रेल्वेने पाठवणाऱ्याला भाड्यात निम्मी सूट होती. सांगोल्याचे डाळिंब दोन हजारांहून अधिक किलोमीटर रुळावरून जात होते, तेव्हा शेतकऱ्याचा माल वेळेवर पोहोचत होता आणि तेवढे ट्रक महामार्गावर उतरत नव्हते. ज्या जिल्ह्यात 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अरुंद रुळांची रेल्वे धावू लागली आणि पुढे 1906 साली तीच पंढरपूरपर्यंत वारकऱ्यांना घेऊन गेली, त्या जिल्ह्याला माल आणि माणसे रुळावर चढवणे नवे नाही. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचा अर्धा-अर्धा डबा माल गोळा करून रुळावर चढवणारी नियमित सोय सोलापुरात उभी राहिली, तर तिच्यासाठी हुंडेकऱ्यांशी बोलायला मी स्वतः जाईन.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले, तिच्याकडे येते.

आमच्या कारखान्याच्या फाटकाजवळ पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात सायकलचे पुढचे चाक अडकवण्यासाठी लोखंडी गजांची खाच-खाच केलेली एक लांब चौकट जमिनीत पुरलेली आहे. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पाळीला त्या खाचांमध्ये एकही जागा शिल्लक नसायची, उशिरा आलेला कामगार सायकल भिंतीला टेकवून जायचा. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते आणि मिलच्या भोंग्यावर आमचे सगळे घर चालत असे. भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींची आणि पायी माणसांची अशी दाटी होई, की पलीकडे जायला आम्हा मुलांना थांबावे लागे. हजारो माणसे दिवसातून दोनदा कामावर जात-येत होती आणि त्यासाठी थेंबभरही इंधन जळत नव्हते. मागच्या आठवड्यात मी शेडमध्ये जाऊन मोजले. चार सायकली होत्या. बाकी सगळ्या मोटारसायकली आणि स्कूटर, त्यांची चाके त्या खाचांत बसत नाहीत म्हणून त्या चौकटीवरच आडव्यातिडव्या लावलेल्या.

त्यातली एक गाडी आमच्याकडे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या एका बाईची आहे. ती मला अक्का म्हणते. पूर्वी ती गावातच, अशोक चौकाच्या बाजूला भाड्याच्या खोलीत राहायची आणि चालत नाहीतर शेअर रिक्षाने यायची. नंतर शहराबाहेरच्या एका वसाहतीत तिला हक्काचे घर मिळाले. घर मिळाल्याचा पेढा तिने मला सर्वांत आधी दिला होता. सुरुवातीचे काही महिने ती बसने आली. पाळी सहाला सुटे, आणि बस फाट्यावरून सहाच्या थोडी आधीच निघून गेलेली असे. पुढची बस सव्वासातच्या सुमारास, तीही आली तर. हिवाळ्यात तोपर्यंत फाट्यावर पूर्ण अंधार पडलेला असतो आणि तिथे दिवा नाही. एके दिवशी ती माझ्याकडे पगारावर उचल मागायला आली. मी कारण विचारले.

“गाडी घेतली अक्का, जुनीच हाय. काय करू, घरला पोचस्तोवर पोरं उपाशीच झोपतेत.”

नऊ-साडेनऊ हजारांच्या पगारातून ती आता 2,700 रुपये गाडीचा हप्ता भरते आणि वर पेट्रोल. ती बसमध्ये बसत होती, तेव्हा तिच्यासाठी वेगळे इंधन जवळजवळ जळतच नव्हते, कारण बस तिच्यावाचूनही धावणारच होती. आता तिच्याही नावावर माझ्याइतकेच, महिन्याला वीस-पंचवीस किलो लागतात. हे उत्सर्जन तिने हौसेने सुरू केलेले नाही. तिला बस चुकत होती आणि फाट्यावर दिवा नव्हता, म्हणून ते सुरू झाले.

माझे म्हणणे असे आहे, की सोलापूरसारख्या शहरात उत्सर्जन कमी करण्याचा पहिला आणि सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे जी माणसे आजही पायी, सायकलने, बसने आणि रेल्वेने जातात, त्यांचा प्रवास त्यांच्यासाठी सोसण्याजोगा ठेवणे. विजेच्या मोटारींची चर्चा आपण आनंदाने करतो, कारण तिच्यात खरेदीचा उत्साह असतो. परंतु एक माणूस बसमधून उतरून एकदा दुचाकीवर बसला, हप्ते सुरू झाले, की तो पुढची वीस वर्षे बसकडे वळत नाही, आणि त्याची मुले तर मुळीच वळत नाहीत. कुंभारीजवळ रे नगरमध्ये कष्टकऱ्यांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहत आहे, त्यांपैकी पहिल्या 15,000 घरांचे वाटप 19 जानेवारी 2024 रोजी झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, वाहनचालक अशी ही माणसे आहेत, आणि हक्काचे घर ही त्यांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. पण शहराबाहेर हजारो घरे एकदम वसतात, तेव्हा त्या घरांमधून रोज कामावर जाणारी माणसे कशाने जाणार, हा प्रश्न पाणी आणि विजेच्या बरोबरीने सुटला पाहिजे. केंद्र सरकारने 2023 साली 3 लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी 10,000 इलेक्ट्रिक बसची योजना मंजूर केली आहे. अशा बस जेव्हा येतील, तेव्हा त्यांचा पहिला मार्ग कोणता असावा असे मला विचारले, तर मी पाळी सुटण्याची वेळ आणि एमआयडीसीचा फाटा सांगेन.

विजेच्या गाड्यांना माझा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. उलट मी स्वतः त्याचा हिशेब केला आहे. विजेची स्कूटर एका युनिटवर साधारण 30 किलोमीटर जाते. चार्जिंगमधली तूट धरून माझ्या महिन्याच्या 500 किलोमीटरला वीस-एक युनिट लागतील. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण ती अजून प्रामुख्याने कोळशावर तयार होते. आपल्याला हे सांगायला दूर जावे लागत नाही, दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला 1,320 मेगावॉटचे औष्णिक केंद्र आपल्या डोळ्यांसमोर उभे आहे. वीस युनिटचे 14 किलो होतात. पेट्रोलचे 25, विजेचे 14. म्हणजे कोळशाची वीज वापरूनही निम्म्याजवळ बचत आहे, आणि छतावर सौर पॅनेल असेल तर ती आणखी वाढते. सोलापूरला उन्हाची कमतरता कधी पडलेली नाही. माझी स्कूटर आता दहा वर्षांची होत आली आहे, पुढची विजेची घ्यायची हे ठरले आहे, आणि पॅनेलसाठी अर्जही केला आहे. चारचाकी मात्र विजेची घेणार नाही. जी वापरायचीच कमी आहे, तिच्यासाठी नवी गाडी घडवण्यात पुन्हा लोखंड आणि बॅटरी कशाला?

इथेनॉलबद्दल मला इतका निःशंक आनंद वाटत नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे ध्येय देशाने 2025 मध्ये गाठले, आणि ज्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, तिथल्या शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळाले, हे चांगलेच झाले. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच जळल्यावर परत जातो, म्हणून इथेनॉल पेट्रोलपेक्षा बरे, हा युक्तिवादही मला मान्य आहे. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, उसाला घातलेल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो, आणि ऊस उजनी धरणाचे पाणी पितो. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, रात्री दोन वाजता उठून पिंपे भरावी लागतात, तिथल्या बाईने पाण्याचा हा खर्च हिशेबातून सोडून देणे बरोबर होणार नाही. उसाच्या मळीतून आणि वाया जाणाऱ्या धान्यातून जेवढे निघेल तेवढे जरूर काढावे. त्याच्यासाठी आणखी ऊस लावू नये.

सायकलीबद्दल बोलले की लोक लगेच उन्हाकडे बोट दाखवतात, आणि ते खरेही आहे. मे महिन्यात पारा 43 अंशांवर गेलेला असताना दुपारी दोनच्या पाळीला कोणी सायकल मारत या, असे मी म्हणणार नाही. पण सोलापूरचे ऊन माझ्या वडिलांच्या वेळीही होतेच. तेव्हा रस्त्यांच्या कडेला कडुनिंब होते. रस्ते रुंद होत गेले तसे जुने कडुनिंब आणि वड गेले, आणि चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची सावली गेली. मोटारीत बसलेल्याला तिचा फरक पडत नाही. चालणाऱ्याला सावली म्हणजेच रस्ता. वाहतुकीच्या आराखड्यात झाडांची रांग ही डांबराइतकीच आवश्यक बाब म्हणून धरली गेली पाहिजे, ती शोभेच्या खर्चात जाऊ नये, असे मी आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना लेखी कळवले आहे.

सोलापूरकरांना चालणे जमत नाही, असे तर कोणी म्हणूच नये. कोजागरीच्या रात्री सासूबाईंबरोबर मी लग्नानंतर अकरा वेळा तुळजापूरला चालत गेले आहे. सुमारे 45 किलोमीटर. त्या रात्री हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो आणि लाखो माणसे महामार्गाच्या मधोमध चालत असतात. तामलवाडीच्या अलीकडे एकदा आम्ही दुभाजकावर बसून केळी खात होतो, आणि सासूबाई म्हणाल्या, “आज रस्त्याचा आवाज कसा ऐकू येतोय बघ.” मी कान दिला. हजारो अनवाणी पावलांचा डांबरावर घासल्यासारखा एक सलग आवाज येत होता, मधूनच ‘आई राजा उदे उदे’ आणि पुन्हा तोच आवाज. रात्री अकरा वाजता त्या रस्त्यावर आमच्या नाकात धूर नव्हता. लहान मुले बापाच्या बोटाला धरून रस्त्याच्या मधून चालत होती आणि कोणत्याही आईला भीती वाटत नव्हती. वर्षातली ही एक रात्र मला फार मोलाची वाटते, कारण रस्ता माणसांना दिला की माणसे घराबाहेर पडतात, हे मी त्या रात्री स्वतः पाहिले आहे.

बसच्या वेळेचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. बसची वेळ बदलणे माझ्या हातात नव्हते, पाळीची वेळ बदलणे मालकांच्या हातात होते. शिलाई विभागातल्या चौदा जणींपैकी दहा जणी एकाच दिशेला राहतात, हे मी हजेरीपटावरच्या पत्त्यांवरून काढले. सकाळी दहा मिनिटे लवकर सुरू करायचे, जेवणाची सुटी दहा मिनिटांनी कमी करायची आणि पाळी पाच चाळीसला सोडायची, अशी मांडणी करून दिली. जेवणाची सुटी कमी करायला दोघीजणी नाराज होत्या, त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून दुपारच्या चहाला पाच मिनिटे वाढवून घेतली. मालकांनी फाट्यावरच्या खांबाला कारखान्याच्या खर्चाने दिवा लावून देण्याचेही कबूल केले, आणि परवानगी मिळायला लागले तेवढे सात आठवडे वगळता त्यात काही अडचण आली नाही.

कडा शिवणारी ती बाई आता आठवड्यातले चार दिवस बसने जाते. गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, आणि बाजाराच्या दिवशी ती गाडीच आणते. बस रोज वेळेवर येते असेही नाही, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी आता तिची वेळ लिहू लागले आहे. महिन्याभराच्या नोंदी झाल्या की त्या बसच्या वेळेबद्दलच्या अर्जासोबत जोडून द्यायच्या आहेत. काल बस पाच त्रेपन्नला आली. फाट्यावर अकरा जणी उभ्या होत्या, आमच्या नऊ आणि शेजारच्या कारखान्यातल्या दोन. अकराही चढल्या.